एकाच बाजूचे शिंपले

१

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही एका लांब टेबलापाशी परीक्षक म्हणून बसला आहात. समोर एक मोठा मुलगा उभा आहे. मोठा म्हणजे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा, मिशी फुटलेला. त्याचं नाव यज्ञेश. टेबलावर त्याचा जाडजूड प्रकल्प आहे आणि शेजारी पुठ्ठ्याचं एक खोकं. खोक्यात तिसऱ्यांचे शिंपले आहेत. तिसऱ्या, म्हणजे दोन शिंपल्यांच्या मध्ये राहणारे छोटे समुद्री जीव, तुमच्यापैकी काहींनी खाल्ल्या असतील. न खाणाऱ्यांनी निदान वाळूत पडलेले त्यांचे शिंपले तरी खिशात भरले असतील.

प्रकल्पात असं लिहिलं आहे की ओहोटीच्या वेळी भाट्याच्या किनाऱ्यावर दोरी लावून, तिच्या कडेने चालत यज्ञेशने हे शिंपले वेचले.

आता तुम्ही त्याला एक सोपा प्रश्न विचारा. “चालायला सुरुवात कुठून केलीस? खाडीच्या तोंडाकडून की झरी विनायकाच्या देवळाकडून?”

जो चालला असेल, त्याला हे आठवायला कितीसा वेळ लागेल? पण यज्ञेश छताकडे बघू लागला. तिथे पंखा फिरत होता, उत्तर नव्हतं.

त्याच्यामागून अक्षया आली. तिचा प्रकल्प वेगळ्या शब्दांत होता, खोकं मात्र तसंच. तिलाही हाच प्रश्न विचारला.

“मधून,” ती म्हणाली.

“मधून म्हणजे?”

“म्हणजे... मध्येच सुरू केलं, सर.”

प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख गोपाळकृष्ण पाटणकर यांनी दोन्ही प्रकल्प मिटले. “हे तुम्ही लिहिलेलं नाही. कोणी लिहून दिलं?”

दोघांनी माना खाली घातल्या. नाव मात्र कोणीच घेतलं नाही.

संध्याकाळी सरांनी स्वतःच एक नाव घेतलं: मनस्विनी. विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी तरुण बाई. प्रकल्पाची पद्धत मुलांना तिनेच शिकवली होती. सोमवारी चौकशी समिती बसायची होती. आरोप खरा ठरला तर मनस्विनीला काढून टाकलं असतं, आणि असा डाग लागलेल्या माणसाला पुन्हा कुठलं कॉलेज वर्गात उभं करतं?

२

समितीत बाहेरच्या सदस्य म्हणून कुसुमबाई बेहेरे यांना बोलावलं होतं. त्या याच विभागातून निवृत्त झालेल्या. पाटणकर सरांनाही त्यांनीच शिकवलेलं. आता त्या खालच्या आळीतल्या आपल्या घराच्या पडवीत आसपासच्या पोरांना शिकवत.

“गोपाळ, पुरावा काय?” त्यांनी विचारलं.

“मांडणी बघा ना, बाई. आधी निरीक्षण, मग अनुमान, शेवटी स्वतःच्याच शंका. हे मनस्विनीचं वळण आहे.”

“हे वळण तुझंही आहे. तुला मी लावलं. मग प्रकल्प तू लिहिलेस का?”

सरांना नको असताना हसू आलं. “हल्ली मशीनसुद्धा लिहून देतं म्हणतात.”

“लिहील की. पण शिंपले कोण आणून देणार?” असं म्हणून बाईंनी दोन्ही खोकी पिशवीत घातली.

मनस्विनी प्रयोगशाळेत एकटीच बसली होती. रडून झालं असावं, कारण आवाज अगदी कोरडा होता. “मी एक ओळही लिहून दिलेली नाही, बाई. पण वाचताना मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला होता. म्हटलं, शिकवलेलं पोरांना कळलं. दोघांना तरी कळलं.”

“कोणाला तरी कळलंय, हे खरं,” बाई म्हणाल्या.

यज्ञेश घरच्या बागेतल्या शेडमध्ये आंब्याच्या पेट्या भरत होता. बाईंना बघून तो ताडकन उठला.

“बस, बस. आंबा थांबतो होय माणसासाठी?”

“तेच ना, बाई. प्रकल्प द्यायचा होता तेव्हाच आंबा सुरू झाला. बाबा म्हणाले, तुझे ते शिंपले नंतर वेच, आधी पेट्या.”

“मग मनस्विनीमॅडमनी लिहून दिलं?”

“नाही हो!” तो इतक्या झटकन बोलला की बाईंची खात्रीच पटली.

“मग कोणी?”

“नाव नाही सांगणार. आम्ही दोघांनी शब्द दिलाय.”

“तुमच्या शब्दापायी मॅडमची नोकरी गेली तरी?”

यज्ञेश पेटीतला पेंढा उगीचच खालीवर करत राहिला.

“बरं, शिंपले कुठून आणलेत, एवढं तरी सांग.”

“ते तयारच मिळाले. आम्हाला दोघांना. एका पिशवीतून.”

बाई जायला वळल्या. पेंढ्यात हात तसाच ठेवून तो मागून म्हणाला, “ज्याने लिहिलं, त्याने वाईट हेतूने नाही लिहिलं, बाई.”

३

पडवीत बाईंनी सुपात एक खोकं उलटं केलं. तेवढ्यात तस्नीम आली. अकरा वर्षांची, राजिवड्याची. रोज शाळा सुटली की बाईंकडे गणित करायला यायची आणि गणित सोडून हजार गोष्टी विचारायची. तिच्या डाव्या तळव्याची कड नेहमीसारखी शाईने निळी झाली होती.

“बाई, तिसऱ्या कोणी खाल्ल्या? तुम्ही?”

“मी कुठली खातेय! तू खातेस ना, म्हणून तुलाच विचारते. हे शिंपले किनाऱ्यावरचे वाटतात का गं?”

तस्नीमने एक शिंपला उचलला. “हॅ! किनाऱ्यावरचे असे चकचकीत नसतात. ते घासून घासून पांढरे पडतात. आणि याला बघा, कडेला टवका उडालाय. विळीचं पातं लागलं की असाच उडतो.”

“सगळ्यांनाच उडालाय?”

दोघींनी बरेच शिंपले बघितले. खरंच, टवका सगळ्यांना होता, आणि एकाच जागी होता.

म्हणजे हे शिंपले कोणाच्या तरी स्वयंपाकघरातले होते. पण रत्नागिरीत स्वयंपाकघरं काय थोडी आहेत? त्यातलं कुठलं?

बाई शिंपले पालथे मांडू लागल्या. तुम्हीही कधी मांडून बघा. प्रत्येक शिंपल्याच्या डोक्यावर एक उंचवटा असतो, बिजागरीपाशी. तो वर ठेवला की नीट दिसतं, उंचवटा बरोबर मधोमध नसतो, म्हणून शिंपल्याचं एक टोक आखूड असतं आणि एक लांब. काहींचा डावीकडे कललेला असतो, काहींचा उजवीकडे. चपलांसारखंच ते. प्रत्येक तिसरीला एक डावा शिंपला असतो आणि एक उजवा. समुद्र दोन्ही वेगळे करून वाळूवर टाकतो. म्हणून किनाऱ्यावर वेचलेल्या शिंपल्यांत दोन्ही सापडतात, साधारण सारखेच.

सुपातला पहिला उजवा निघाला. दुसरा उजवा. पाचवा, दहावा... बाईंनी दुसरं खोकंही ओतलं. एखाददुसरा सोडला तर दोन्ही खोक्यांत सगळे उजवेच.

“गंमत बघ, तस्नीम. कोणीतरी सगळ्या उजव्या पायाच्या चपला आणून दिल्यात. डाव्या गेल्या कुठे?”

तस्नीम लगेच हसून म्हणाली, “कालवणात! आमच्याकडे एकशिपी करतात ना. तिसरी विळीवर उघडायची, मांस एकाच शिंपल्यात ठेवायचं, तो भांड्यात टाकायचा. रिकामा असतो तो मागे माडाच्या आळ्यात. रोज तशीच धरली की रोज तोच...”

ती बोलता बोलता थांबली. हातातल्या शिंपल्याकडे बघत राहिली. मग तो तिने सुपात अगदी हलकेच ठेवला, अंडं ठेवावं तसा.

“बाई, आज माझं पोट दुखतंय. मी घरी जाते,” ती म्हणाली, आणि दप्तर न घेताच पायऱ्या उतरून गेली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मासळी बाजारात गेल्या. मासे विकणारी तुळसा तिसऱ्या उघडत बसली होती. एका बाजूला भरलेल्या शिंपल्यांचं पातेलं, दुसऱ्या बाजूला रिकाम्यांचा ढीग.

“काय गो बाई, वाट चुकलात? तुमच्यात तर खात नाहीत.”

“खायला नको. मला रिकामे शिंपले हवेत.”

“रिकामे?” तुळसा शेजारणीकडे वळली. “ऐकलंस? बाई शाकाहारी तिसऱ्या न्यायला आल्यात!”

आजूबाजूच्या सगळ्या जणी खळखळून हसल्या. बाईही हसल्या, आणि हसता हसता ढिगातले शिंपले पालथे घालून बघत राहिल्या. इथेही सगळे एकाच बाजूचे होते, पण डावे. त्यांनी शेजारणीचा ढीग बघितला. डावे. तिच्या पलीकडचीचा बघितला. डावेच.

“तुळसा, तिसरी हातात धरतेस ती रोज अशीच?”

“लांब टोक पात्याकडे धरायचं, तिथून ती उघडते. आता हात ठरलेला, मग दुसरी कशी धरणार?”

बाईंनी बघितलं, बसलेल्या सगळ्या जणी उजव्या हाताच्या होत्या. तिसरी उजव्या हातात, लांब टोक पात्याकडे, आणि रिकामा पडतो तो डावा शिंपला. हेच सगळं आरशात बघितलं तर? तिसरी डाव्या हातात येईल आणि रिकामा पडेल तो उजवा.

आता तुम्ही पुस्तक खाली ठेवून क्षणभर विचार करा. बाईंना जे कळलं ते तुम्हालाही कळण्याइतकं सगळं तुमच्या हातात आहे.

ज्या घरातून ते शिंपले आले, त्या घरात तिसऱ्या उघडणारं माणूस डावखुरं होतं. आणि प्रकल्प लिहिणाऱ्याचं त्या घरात जाणंयेणं होतं, नाहीतर त्याचं ते घरच होतं. बाईंच्या डोळ्यांसमोर निळी शाई लागलेला एक छोटा डावा तळवा आला. तस्नीमची मोठी बहीण नबीला यज्ञेशच्याच वर्गात शिकत होती. वर्गात पहिली येणारी.

बाई बाजारातल्या कठड्यावर बसल्या. कोडं सुटलं होतं, तरी त्यांना जराही बरं वाटलं नाही.

५

राजिवड्याच्या त्या घरी नबीलाची आई हमिदा हिने बाईंना खुर्ची दिली. मागच्या पडवीत तस्नीम विळीवर बसली होती. बाईंना बघताच तिने हातातली तिसरी उजव्या हातात घेतली. पातं नीट लागेना. तिसरी घसरली, पुन्हा घसरली.

“काय गं हे?” हमिदा म्हणाली. “रोज भराभरा काढतेस, आज हाताला काय झालं? बोट कापशील.”

“तस्नीम,” बाई हळूच म्हणाल्या, “राहू दे. तुझ्याच हाताने काढ.”

तस्नीमने तिसरी खाली ठेवली आणि ती रडायला लागली. आतून नबीला धावत आली. बाईंच्या मांडीवर दोन खोकी दिसली आणि ती दारातच थबकली.

“तुझा स्वतःचा प्रकल्प मी येताना विभागात वाचला,” बाई म्हणाल्या. “तू खरोखर चालली आहेस. तुझ्या खोक्यात दोन्ही बाजूंचे शिंपले आहेत, काही तर भोकं पडलेले. मग या दोघांसाठी आळ्यातले का घेतलेस?”

नबीला तिथेच उंबरठ्यावर बसली.

“यज्ञेशला आंब्यातून सुटका नव्हती. अक्षयाचा साखरपुडा होता. दोघं म्हणाली, तुला किती सहज जमतं गं. आणि मला... बाई, मला ते ऐकायला आवडलं. आधी एकदा, मग दुसऱ्यांदा. लिहिताना कंटाळासुद्धा नाही आला. शिंपल्यांसाठी पुन्हा दोन खेपा चालायचा कंटाळा आला. म्हटलं, तिसरीचा शिंपला तो तिसरीचा शिंपला. घरात लहानपणापासून बघितलेली वस्तू, ती नीट बघायची राहूनच गेली.”

“मनस्विनीमॅडमना सोमवारी काढून टाकणार आहेत, हे तुला माहीत आहे?”

“मॅडमना? का?”

“सरांना वाटतं, त्यांनीच लिहून दिलं.”

नबीलाचा चेहरा उतरला. तिला वाटलं होतं, फार तर त्या दोघांना पुन्हा लिहायला लावतील. “अम्मी, मी सोमवारी जाऊन सांगणार,” ती म्हणाली.

हमिदाने कपाळाला हात लावला. “निकाल अडकला तर? पुढचा प्रवेश?”

“जाईल,” नबीला म्हणाली.

६

पण सोमवारी भलतंच झालं. नबीलाने सगळं सांगितलं, यज्ञेशने आणि अक्षयाने मान डोलावली, तरी पाटणकर सरांचा विश्वास बसला नाही.

“परवापर्यंत नाव निघत नव्हतं. आज तिघांचंही एकच नाव? ठरवून आलात तुम्ही. नबीला, तू मॅडमची लाडकी आहेस हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांना वाचवायला तू अंगावर घेतेस.”

मनस्विनी कोपऱ्यात बसली होती. ती उठली. “सर, मला वाचवायला कोणी खोटं बोललेलं मला नको आहे.”

“मी खोटं बोलत नाही, मॅडम!”

कुसुमबाईंनी खोकी उघडली, तुळसाच्या ढिगातले शिंपले शेजारी ओतले आणि डाव्या-उजव्याचं सगळं समजावून सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. पण ते शास्त्राचे शिक्षक होते.

“हात बदलला की शिंपला बदलतो, असं मी मानायचं?”

“मानू नकोस. बघ,” बाई म्हणाल्या. मग त्या थांबल्या. दाखवणार कोण? एका लहान मुलीला तिच्याच बहिणीविरुद्ध बसवायला त्यांचं मन धजेना.

तेव्हा दार लोटलं गेलं. दारात तस्नीम उभी होती, एका हातात झाकलेली बादली, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी.

“मी काढून दाखवते,” ती म्हणाली.

“तस्नीम, घरी जा,” नबीला ओरडली.

“आपा, तू खरंच बोललीस ना?”

“हो.”

“मग यांना कळायला नको?”

तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, विळी मांडली, पाटावर पाय ठेवला आणि डाव्या हातात तिसरी घेतली. खट्. रिकामा शिंपला कागदावर पडला. खट्. शिपाईही चहाचा ट्रे घेऊन दारात थांबून राहिला.

बराच ढीग झाल्यावर पाटणकर सर स्वतः खाली बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी एकेक शिंपला पालथा घातला आणि खोक्यातल्या शिंपल्यांशेजारी मांडत गेले. उजवा. उजवा. उजवा. प्रत्येकाला त्याच जागी टवका. मग त्यांनी तुळसाच्या ढिगाकडे बघितलं आणि चष्मा काढला.

“मनस्विनीमॅडम,” ते जमिनीवरूनच म्हणाले, “मी चुकलो. निरीक्षणाआधीच अनुमान काढलं.”

निर्णय असा झाला: मनस्विनीवर काहीही आरोप राहिला नाही. तिन्ही विद्यार्थ्यांचे निकाल राखून ठेवले. तिघांनी प्रकल्प पहिल्यापासून करायचा, ज्याचा त्याने, एकट्याने. नबीलाचा त्या वर्षीचा पुढचा प्रवेश हुकला. बाहेर आल्यावर तिने तस्नीमच्या हातातून बादली घेतली आणि ती पुढे चालू लागली.

७

रविवारी ओहोटी लागल्यावर नबीला भाट्याला गेली. तस्नीमही मागोमाग आली. नको म्हणायला नबीलाला धीर झाला नाही. सुरूच्या झाडांच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडापाशी तिने दोरी बांधली आणि वाकून चालायला लागली. यज्ञेश दुसऱ्या टोकाला कुठेतरी ठिपक्याएवढा दिसत होता.

ऊन चढत गेलं. नबीलाची पाठ भरून आली. ती मध्येच थांबून कंबर ताठ करी, घाम पुशी आणि पुन्हा वाके. तस्नीम दोरीपासून थोडी दूर, तिच्या बरोबरीने चालत होती.

“तुझा राग नाही आला मला,” नबीला एकदा मागे न बघता म्हणाली.

“थोडासा आला असेल,” तस्नीम म्हणाली.

“हो. थोडासा आला.”

दोघी तशाच पुढे गेल्या. एके ठिकाणी लाटेने नुकतीच वाळू सारखी केली होती. नबीला तिथून पुढे सरकली, आणि तिच्या पावलामागे, दोरीला अगदी लागून, तस्नीमला एक शिंपला दिसला. डावा होता, मोठा, न फुटलेला, आणि उंचवट्याशेजारी तिसऱ्या खाणाऱ्या समुद्री गोगलगाईने पाडलेलं गोल भोक. प्रकल्पात असा एक असायलाच हवा, इतका सुरेख. नबीलाने तो बघितलाच नव्हता.

तस्नीमने वाकून तो उचलला. बहिणीकडे बघितलं. नबीलाची पाठ तिच्याकडे होती, पिशवी खांद्यावर उघडीच लोंबत होती. हात लांब केला असता तरी आत टाकता आला असता.

तिने त्याच्या भोकातून एकदा समुद्र बघितला. मग तो होता तिथेच, होता तसाच पालथा वाळूत ठेवला आणि मोठ्याने हाक मारली, “आपा, जरा मागे ये. नीट बघ.”